मान खाली, हात रिकामा

फेस्ताच्या आधी चर्च धुऊन काढण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. पावसाळ्याचे दिवस, बाकांना ओल धरलेली, फरशीवर चिखलाची पावले उमटलेली. या खेपेस आम्ही मुद्दाम तरुण मुलांना बोलावले. आठ-दहा मुले वेळेवर आली, ही आनंदाची गोष्ट. बादल्या भरल्या, फरशी पुसणे सुरू झाले, आणि थोड्याच वेळात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मुलांनी पिळलेली फडकी ठिबकत होती. पुसलेली फरशी पुन्हा ओली होत होती. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या एका आजीने नातवाच्या हातातले फडके घेतले, त्याला दोन पीळ दिले आणि त्यातून आणखी अर्धा तांब्या पाणी काढले. सगळे हसले. नातूही हसला. आम्हीही हसलो, पण रात्री दिवा मालवल्यावर ते फडके काही डोळ्यांपुढून जाईना.

नातू सतरा वर्षांचा. उंचीने आजीच्या वरताण, खाऊनपिऊन सुखी, आजार कसला नाही. मग त्याच्या मुठीला ते पाणी का निघाले नाही?

दुसरी गोष्ट आपण सर्वच दर रविवारी पाहतो. मिस्सा संपली की मोठी माणसे पावसापाण्याच्या गोष्टी करीत उभी राहतात आणि मुले कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसतात. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचा अंगठा चाललेला, बाकीचे अंग स्वस्थ. मध्यंतरी एक आई मुलाला घेऊन आली. म्हणाली, "फादर, याची मान दुखते, हाताला मुंग्या येतात. कोणाची नजर तर लागली नसेल?" आम्ही मुलाकडे पाहिले. तो तेवढ्यातही खाली पाहत होता. आम्ही म्हटले, "बाय, नजर लागली आहे खरी, पण ती याचीच, आणि लागली आहे त्या फोनला."

या विषयावर सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांतले निम्मे घाबरवतात आणि निम्मे हसण्यावारी नेतात. शेतकरी कुटुंबांनी यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, ते आज येथे मांडावयाचे आहे.

मानेचा हिशेब

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते साडेपाच किलो असते. डोके सरळ असले म्हणजे ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते; पाण्याची घागर डोक्यावर नीट बसली की तिचे ओझे वाटत नाही, तसे. डोके पुढे झुकले की तोल जातो आणि मानेमागच्या स्नायूंना ते सारखे ओढून धरावे लागते. अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर याचा हिशेब मांडला. मान १५ अंश झुकली तर मानेवर सुमारे १२ किलोंचा भार येतो, ३० अंशांत १८ किलो, ४५ अंशांत २२ किलो आणि ६० अंशांत २७ किलो. म्हणजे मांडीवर फोन ठेवून पाहणाऱ्या मुलाच्या मानेवर तांदळाच्या पंचवीस किलोंच्या पोत्याहून अधिक भार.

हे आकडे वर्तमानपत्रांतून फार गाजले. पण त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा संगणकावरचा हिशेब आहे. खऱ्या माणसांच्या माना तपासून काढलेला नाही. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांची तपासणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. फोन पाहताना जे अधिक वाकतात त्यांचीच मान अधिक दुखते, असा संबंध त्या तपासणीत आढळला नाही. तेव्हा "मान वाकली, आता मणके झिजणार" अशी भीती मुलांना घालण्यात अर्थ नाही. खोटी भीती दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी मूल आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवीत नाही.

आणि वाकण्यानेच मान जात असती तर आपल्या शेतकऱ्यांच्या माना केव्हाच गेल्या असत्या. लावणीच्या दिवसांत बाया सकाळपासून दुपारपर्यंत वाकलेल्या असतात. त्यांची कंबर दुखते, हे खरे. शेतकऱ्याचे अंग दुखतच नाही असे म्हणणारा कधी चिखलात उतरलेला नसावा. पण लावणी करणारी बाई एका जागी थिजलेली नसते. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताने रोप खोचणे, एक पाऊल मागे, बांधाशी आले की कंबरेवर हात ठेवून ताठ उभे राहणे, शेजारणीशी दोन शब्द. तिचे अंग सारखे हलत असते. फोनवरचे मूल तासन् तास हलत नाही. मान एकाच जागी, खांदे पुढे आलेले, छाती आखडलेली, श्वास उथळ.

आम्हांला वाटते, खरी गोम येथे आहे. वाकण्यापेक्षा न हलणे मानेला अधिक नडते. न वापरलेल्या दाराची बिजागरी जशी धरते, तशी न हलवलेली मान आखडते. त्यात रात्री अंथरुणात फोन, म्हणून झोप कमी. आणि झोप कमी झाली की लहानसे दुखणेही मोठे वाटू लागते.

हाताचा हिशेब

मानेपेक्षाही आम्हांला हाताची काळजी अधिक वाटते, कारण हात दुखत नाही. तो बोंब न मारता दुबळा होतो.

मूठ आवळणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, आणि त्यांच्यापासून निघालेल्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. रापण ओढणारी माणसे किनाऱ्यावर उभी असतात, दोर लांब पाण्यात जातो आणि तेथे जाळे सरकते. अगदी तसेच हे काम आहे. ओढणारी माणसेच दुबळी झाली तर जाळे येणार कसे? फोन चालवताना या ओढणाऱ्या स्नायूंना काम जवळजवळ नसते. चार बोटे फोनला आधार देतात, करंगळी खालून टेकू देते आणि एकटा अंगठा दिवसभर राबतो. म्हणजे एकाला मरणाचे काम आणि बाकीच्यांना सुट्टी. ज्या घरात असा कारभार चालतो त्या घराचे काय होते, ते वाचकांना सांगावयास नको.

एकट्या राबणाऱ्या अंगठ्याचे दुखणे डॉक्टरांना जुने ठाऊक आहे. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ दे केर्व्हें यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला पडले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, कंडरांवरचे आवरण जाड होते आणि अंगठा वळवताना कळ येते. तान्ह्या मुलाला सारखे उचलणाऱ्या आयांना ते पूर्वीपासून होत आले आहे. तुर्कस्तानात १०२ विद्यार्थ्यांची तपासणी करून २०१५ साली असे प्रसिद्ध झाले, की फोन फार वापरणाऱ्यांच्या नेहमीच्या हाताची चिमटीची ताकद कमी भरली.

मुठीचे बळ मोजण्याचे एक साधे उपकरण असते. ते दाबले की किती किलो ते काटा दाखवतो. अमेरिकेत १९८५ साली या बळाची प्रमाणे ठरवली गेली. त्यानंतर तीस वर्षांनी नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी २० ते ३४ वर्षांच्या २३७ निरोगी तरुण-तरुणींचे हात मोजले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९८५ साली तरुण पुरुषांच्या उजव्या मुठीचे बळ सरासरी सुमारे ५३ किलो होते. ते सुमारे ४४ किलोंवर आले होते. नऊ किलो कोठे गेले? एकट्या फोनवर सगळा दोष टाकता येणार नाही. तपासलेली माणसे थोडी आणि देश दुसरा. शेती आणि कारखान्यांतील हातकाम कमी झाले, हे त्याचे मोठे कारण मानले गेले. फोन त्या रिकाम्या झालेल्या हातात येऊन बसला.

मुठीचे बळ केवळ ओझी उचलण्यासाठी नसते. भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. मुठीचे बळ दर ५ किलोंनी कमी असले, की पाहणीच्या काळात मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांनी अधिक आढळले. दुबळा हात माणसाला मारतो असा याचा अर्थ नव्हे. ताप मोजण्यासाठी जसा पारा, तशी सगळ्या शरीराच्या बळाची खूण म्हणजे हात. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ साली वयस्कांसाठी एक मर्यादा ठरवली: पुरुषाची मूठ २८ किलोंच्या खाली आणि स्त्रीची १८ किलोंच्या खाली गेली तर स्नायू क्षीण होत आहेत, असे समजून पुढील तपासणी करावी.

आता तरुणांना वाटेल, हे म्हातारपणाचे बोलणे आमच्यापुढे कशाला? त्यासाठीच तर हा लेख. हाडांची आणि स्नायूंची ठेव साधारण तिशीपर्यंत जमते. त्यानंतर माणूस बहुतेक त्या ठेवीवरच जगतो. चर्च पुसणाऱ्या त्या आजीने आपली ठेव पंधराव्या वर्षी जमवली होती: विहिरीचा दोर ओढून, रगड्यावर वाटण वाटून, गाईचे दूध काढून, मिरचीच्या रोपांना कळशीने पाणी घालून. सत्तरीत ती त्याचे व्याज खात आहे. नातवाने ठेवच ठेवली नाही, तर सत्तरीत तो काय खाणार?

दोष कोणाचा?

येथे मुलांना चार शब्द सुनावून लेख संपवणे सोपे होते. पण न्यायाने पाहिले तर पहिला दोष मोठ्यांचा आहे.

मूल जेवत नाही म्हणून वर्षाच्या लेकराच्या हातात फोन कोणी दिला? आपण. २०२० साली महामारीत शाळा बंद झाल्या आणि शाळाच फोनात शिरली. तेव्हा कर्ज काढून फोन आणला, तो नाइलाज होता. पण शाळा फोनातून बाहेर आली आणि मूल आतच राहिले, तिकडे आपण लक्ष दिले नाही. 'असर' संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी.

आणि मुलांच्या हातचे काम कोणी काढून घेतले? तेही आपणच. "तू अभ्यास कर, शेताकडे येऊ नकोस" हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. त्यामागची माया आम्ही जाणतो. बापाला वाटते, आपण चिखलात राबलो, लेकाने राबू नये. पण चिखल टाळण्याच्या नादात त्याच्या मुठीचे बळही टळले. लावणीला बाहेरचे मजूर, नारळ सोलायला दुकानदार, पाण्याला पंप, वाटणाला मिक्सर. यातले एकही वाईट नाही. मिक्सर बंद करून सुनेला पुन्हा रगड्यावर बसवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण यंत्राने वाचवलेला वेळ अंगठ्याने खाल्ला, तर आपण मिळवले काय?

जे थोडे हातकाम घरात उरले, ते मुलींवर पडते. भाऊ भिंतीला टेकून फोन पाहतो आणि बहीण कपडे पिळते. हा अन्याय आहेच. वर भावाच्या हाताचे नुकसानही आहे.

या बाबतीत आम्हीही निर्दोष नाही. धर्मग्रामातील प्रत्येक निरोप आम्ही फोनवरून धाडतो आणि मुलांनी तो लगेच पाहावा अशी अपेक्षा करतो. गेल्या महिन्यात जेवताना आम्हीच फोन पाहत होतो, आणि स्वयंपाकाच्या बाईने ताट पुढे सरकवत म्हटले, "फादर, निवले." तो शब्द आम्हांला लागला, आणि लागावयासच हवा होता.

यात पणाला लागले आहे ते हरमल, मांद्रे, केरी, पालये, कोरगाव या आपल्या गावांचे उद्याचे चित्र. आजच माडावर चढायला पाडेली शोधावा लागतो. शेते पडीक राहतात. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव झाले. पण ती लावायला, खुडायला आणि वाळवायला हात लागतात. मानांकन कागदावर असते, मिरची हातातून येते. जमीन विकणाऱ्याला आपण दोष देतो. पण जिला कसण्याचे बळ आणि सवय उरली नाही, ती जमीन मुले उद्या कशाच्या जोरावर राखणार? आणि शेती न करता मुलगा विमानतळावर किंवा बोटीवर नोकरीला गेला, तरी तेथेही पाठ, मान आणि हात यांशिवाय चालत नाही.

काय करावे?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक रीत सुरू केली. संध्याकाळी ७ वाजता भोंगा होई आणि दीड तास घरोघरचे फोन व टीव्ही बंद; मुले अभ्यासाला बसत. शहाणपण कायद्याने आले नाही, गावाने मिळून ठरवले म्हणून आले. आपल्याला भोंगा विकत आणण्याची गरज नाही. संध्याकाळची आमोरीची घंटा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. घंटा झाली की जेवण होईपर्यंत घरातले सगळे फोन एका टोपलीत ठेवावे. सगळे म्हणजे बापाचाही, आणि फादरचाही. बापाचा फोन खिशात आणि मुलाचा टोपलीत, असे झाले तर ही रीत आठ दिवसही टिकणार नाही.

घरी करण्याजोग्या गोष्टी अशा:

१. फोन मांडीवरून उचलून छातीपर्यंत आणावा, कोपरांना उशीचा किंवा टेबलाचा आधार द्यावा. दर वीस-तीस मिनिटांनी उठावे, अंगणात एक फेरी मारावी. बसण्याची अमुकच पद्धत उत्तम, असे नाही. बदलत राहणे उत्तम.

२. दिवसातून दोनतीन वेळा मान सावकाश उजवीकडे, डावीकडे वळवावी. हनुवटी थोडी मागे ओढून पाच अंक मोजावे व सोडावी, असे दहा वेळा. खांदे मागे ओढून पाठीची फरी एकमेकींजवळ आणावी, तेही दहा वेळा. झटका देऊ नये.

३. हातासाठी ओला जाड टॉवेल दोन्ही दिशांनी दहा-दहा वेळा पिळावा. दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन झाडांना पाणी घालावे. अंगात बळ येईल तसे पाणी वाढवावे. मजबूत फांदीला किंवा दांडीला लोंबकळावे, प्रथम दहा सेकंद पुरेत. नारळ सोलणे, खोबरे किसणे, पीठ मळणे, कुदळीने आळे करणे, हे सर्व यात आले.

४. घरातील प्रत्येक मुलाला व मुलीला एक हातकाम नेमून द्यावे, आणि ते त्याचेच राहू द्यावे. शिक्षा म्हणून देऊ नये. शिक्षेचे काम मूल आयुष्यभर टाळते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे अंग तापवणारी हालचाल आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम सांगितले आहेत. आपल्या शेतात व किनाऱ्यावर ते फुकट मिळतात. रापण ओढली जात असेल तर मुलांना दोराला हात लावू द्यावा.

५. अंगठा दुखू लागला तर हात बदलावा, फोन टेबलावर ठेवून दुसऱ्या बोटाने चालवावा, काही दिवस विश्रांती द्यावी. दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

६. मान दुखते म्हणून केस कापताना ती मोडून घेण्याची सवय सोडावी. कट् आवाजाने क्षणभर बरे वाटते, पण जोराचा झटका मानेतील रक्तवाहिनीला इजा करू शकतो.

७. हाताला मुंग्या येणे थांबत नसेल, हातातून वस्तू पडत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, किंवा पडल्यानंतर वा तापाबरोबर मान दुखू लागली असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. तुयेच्या सरकारी इस्पितळात दाखवावे. तेथून गरजेप्रमाणे म्हापशाला किंवा बांबोळीला जाता येते.

त्या आईच्या मुलालाही आम्ही प्रथम डॉक्टरांकडेच पाठवले. घाबरण्यासारखे काही निघाले नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिले, फोन कमी करण्यास सांगितले. आम्ही त्यात एक भर घातली: रोज संध्याकाळी परसातील मिरचीला विहिरीचे पाणी, पंप न लावता. महिनाभराने आई भेटली. म्हणाली, "मान बरी आहे, फादर. आणि मिरचीही बरी आहे." मुलगा फोन पाहणे सोडून मोठा साधू झाला, असे मुळीच नाही. भिंतीवर तो अजून बसतो. पण मध्येच उठतो.

तेवढे पुष्कळ आहे. फोन घरातून जाणार नाही, जावा असेही आमचे म्हणणे नाही. परदेशी असलेल्या बापाचा चेहरा लेकरांना त्यातूनच दिसतो. ज्या हातात फोन आहे त्याच हातात दिवसातून काही वेळ दोर, कुदळ, बादली किंवा पिळायचे फडकेही यावे, एवढीच आमची मागणी आहे. पुढच्या फेस्ताला चर्च पुन्हा धुवावयाचे आहे. फडकी आम्ही तीच ठेवणार आहोत. ती कोण किती कोरडी पिळतो ते पाहू, आणि त्या ओळीत आम्हीही उभे राहू.